वडप्याचा फाटा आणि विजेची गाडी

ठाण्याहून नाशिककडे निघालेला आग्रा रस्ता भिवंडी शहराला वळसा घालून वडप्याला पोहोचतो. शहराच्या पोटातून आलेली जुनी वाटही तिथेच त्याला येऊन मिळते. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही याच परिसरात येऊन थांबला. आज कोटी-दीड कोटीची विजेवर चालणारी आलिशान मोटार या फाट्यावरून आवाज न करता निघून जाते. तिच्याकडे निव्वळ नव्या युगाचे वाहन म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. आम्हांस मात्र ती एका जुन्या गोष्टीचे ताजे प्रकरण वाटते. रस्ता कोणाचा, वीज कोणाची आणि पैसे कोणी भरायचे, अशी ती गोष्ट आहे.

प्रथम पैशाविषयी. वडप्यासारख्या गावांत महागड्या गाड्या आल्या, त्यामागे जमीन आहे. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईच्या उंबरठ्यावर असल्याने भिवंडी तालुक्यात माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्यांना परवडू लागले. भाताच्या खाचरांवर गोदामे चढली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, पण गोदामे राहिली, उलट वाढली. ज्यांनी जमिनी राखल्या आणि भाड्याने दिल्या त्यांच्या हाती पैसा आला. ज्यांनी आधीच विकल्या होत्या त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे त्याच गोदामांत हमाली किंवा पहारा करावा लागला. फेब्रुवारी 2021 मध्ये वडप्यातील एका शेतकरी-व्यावसायिकाने दुधाच्या धंद्यासाठी हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी देशभर गाजली होती. शहरी वाचकांनी तिच्याकडे गंमत म्हणून पाहिले. ती गंमत नव्हती. ज्याला चार राज्यांत धंद्यासाठी फिरायचे आहे आणि ज्याच्या दारातला रस्ता मालमोटारींनी तुंबलेला आहे, त्याने काढलेला तो तोडगा होता.

आता विजेविषयी. विजेच्या वाहनाचा उल्लेख भविष्यकाळात करण्याची सवय आपल्याला कशी लागली, हे एक कोडेच आहे. मुंबईत विजेची ट्राम 7 मे 1907 रोजी धावली आणि 31 मार्च 1964 रोजी बंद झाली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची आगगाडी सुरू झाली, आणि 1930 पर्यंत विजेची इंजिने थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचली. त्यांना वीज पुरवण्यासाठी कल्याणजवळ ठाकुर्लीला कोळशावर चालणारे वीजघर उभारले गेले होते. मालगाड्या ओढणाऱ्या एका जातीच्या इंजिनाला रेल्वेतल्या लोकांनी ‘खेकडा’ म्हणून टाकले होते. म्हणजे, ज्या सह्याद्रीखालून आज समृद्धीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा जोडबोगदा जातो, तो सह्याद्री विजेच्या वाहनाने सुमारे 95 वर्षांपूर्वीच ओलांडला होता, आणि त्या वाहनात तिसऱ्या वर्गाचा डबा होता.

भिवंडीने मात्र विजेची वाट वेगळ्या कारणासाठी पाहिली. या गावचा जीव यंत्रमागांत. ते चालत विजेवर, आणि वीज जाई तेव्हा कारागिराची मजुरीही जाई, कारण मजुरी विणलेल्या मीटरवर मिळे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत भारनियमन, जळणारी रोहित्रे आणि वीजचोरी यांनी हे शहर बदनाम झाले. 2006 च्या सुमारास गळती आणि थकबाकी मिळून नुकसान 58 टक्क्यांच्या घरात होते. 26 जानेवारी 2007 पासून भिवंडीचे वीजवितरण टोरेंट पॉवर या खाजगी कंपनीकडे ‘फ्रँचायझी’ म्हणून सोपवण्यात आले. देशातला तो अशा प्रकारचा पहिला मोठा प्रयोग. रोहित्रे बदलली, मीटर बदलले, पुरवठा सुधारला, आणि वाढीव बिलांच्या तक्रारींवरून मोर्चेही निघाले.

या पार्श्वभूमीवर एक हिशेब मांडून पाहावा. मर्सिडीज-बेंझने सप्टेंबर 2024 मध्ये ‘ईक्यूएस एसयूव्ही 580’ ही गाडी 1 कोटी 41 लाख रुपयांना बाजारात आणली. तिची जुळणी पुण्याजवळ चाकणला होते. तिची बॅटरी 122 किलोवॅट-तासांची, म्हणजे ती एकदा पूर्ण भरायला निदान 122 युनिट लागतात. साधा यंत्रमाग एक अश्वशक्तीच्या मोटारीवर चालतो. पूर्ण भाराने धरला तरी 122 युनिटांत असा एक माग 163 तास, म्हणजे जवळजवळ सात दिवस-रात्र चालेल. गाडीमालकाने वीज वाया घालवली, असे आम्हांस म्हणायचे नाही. तेवढ्या विजेत ती गाडी मुंबईहून नागपूरच्या वाटेवर बरीच दूर जाते, आणि तितक्याच वजनाची डिझेलची गाडी वाटेत जो धूर सोडील तो ही सोडत नाही. महाराष्ट्राची बरीचशी वीज अद्याप कोळशाची असल्याने तो धूर वडप्याऐवजी चंद्रपूरला आणि कोराडीला निघतो, इतकेच. कोराडी समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकालाच आहे.

खरा प्रश्न सवलतीचा आहे. 1 ऑगस्ट 2019 पासून विजेच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्के झाला. राज्याने मोटार वाहन करही माफ केला. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात 13 टक्के कर बसतो. 1 कोटी 41 लाखांवर तो 18 लाख 33 हजार होतो. दहा लाखांची छोटी विजेची गाडी घेणाऱ्याला जी माफी मिळते, तिच्या अनेक पटींनी मोठी माफी आलिशान गाडीवाल्याला मिळते. माफी टक्क्यांत असली की असेच होते.

10 मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी 30 लाखांवरील विजेच्या गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला. पंधरवड्यानंतर, 26 मार्चला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत तो मागे घेतला. त्यातून फारसा महसूल येणार नाही आणि विजेच्या वाहनांबाबत चुकीचा संदेश जाईल, अशी कारणे देण्यात आली. पहिले कारण आम्हांस अजब वाटते. अशा गाड्या थोड्या म्हणून कर थोडा, हे खरे. पण मग त्यांना माफी देऊन हवा कितीशी स्वच्छ होणार, हा प्रश्नही त्याच पावलांनी परत येतो. दुसऱ्या कारणात तथ्य आहे. नवे यंत्र आधी श्रीमंताच्या दारात येते आणि त्याच्या पैशावर स्वस्त होते, हा अनुभव रेडिओपासून मोबाइलपर्यंत सर्वांचा आहे. त्याच वर्षी 15 जुलैला टेस्लाचे दालन वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले, आणि सप्टेंबरमध्ये तिथली सुमारे साठ लाखांची पहिली गाडी राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली. संदेश गेला असे म्हणायला हरकत नाही.

एप्रिल 2025 मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या नव्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी या तीन रस्त्यांवर विजेच्या मोटारी आणि बस यांना पूर्ण टोलमाफी दिली. अटल सेतूवर तिचा अंमल 22 ऑगस्टपासून सुरू झाला. समृद्धीवर साध्या मोटारीला नागपूर ते आमणे 1,445 रुपये पडत; धोरणाप्रमाणे ते आलिशान विजेच्या गाडीला पडू नयेत. मालवाहू विजेची वाहने मात्र या सवलतीतून वगळली गेली.

भिवंडीच्या दृष्टीने सगळे प्रकरण या वगळण्यात आहे. हा तालुका माल चढवतो आणि उतरवतो. इथली हवा काळवंडते ती गोदामांपुढे रांगा लावून उभ्या राहणाऱ्या डिझेलच्या ट्रक-टेम्पोंमुळे. आलिशान मोटारींचा त्यात वाटा नगण्य. टेम्पो विजेवर नेण्याचा विचार करणारा चालक-मालक एकेका फेरीचे रुपये मोजतो, टोल त्याच्या हिशेबात आधी येतो. दीड कोटीची गाडी घेणारा टोलकडे पाहून ती घेत नाही आणि सोडतही नाही. सवलत ज्याचा निर्णय फिरवू शकली असती त्याला ती नाकारली, आणि ज्याचा निर्णय आधीच झाला होता त्याला ती देऊन टाकली.

शिवाय आमण्याहून टोल न देता उतरलेली ती गाडी पुढे वडपे ते माजिवडा या चोवीसेक किलोमीटरच्या तुकड्यावर येते. गर्दीच्या वेळी तिथे तिला त्याच टेम्पोंच्या मागे, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चालीने सरकावे लागते. तिला गिअर नसतात, हा भाग निराळा.