ताकद होती, गिअरबॉक्स नव्हता

गाड्यांचं वेड असलेल्या मित्रांच्या गप्पांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: हॉर्सपॉवर किती? मीही तोच विचारायचो. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ हा सिनेमा पाहिल्यावर मी त्या काळातल्या शर्यतींचे निकाल शोधून वाचले. कोण जिंकलं यापेक्षा कोणती गाडी कशामुळे थांबली, हा रकाना मला जास्त बोलका वाटला.

फ्रान्समधल्या ल माँ इथे २४ तासांची शर्यत होते. १९६३ मध्ये फेरारी कंपनी विकत घेण्याचा फोर्डचा प्रयत्न फसला. मग फोर्डने ठरवलं, फेरारीला ल माँमध्येच हरवायचं. जून १९६४ मध्ये ४.२ लिटर इंजिनच्या तीन जीटी-४० गाड्या तिथे उतरल्या. वेग भरपूर होता. रिची गिंथरने सुरुवातीलाच आघाडी घेतली, तर शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी फिल हिलने मारली. पण या दोघांच्याही गाड्या गिअरबॉक्समुळे थांबल्या. तिसरी पेटली. पहिले तिन्ही क्रमांक फेरारीचे. गंमत म्हणजे फोर्डने वापरलेला तो गिअरबॉक्स वालेरिओ कोलोत्तीचा होता, आणि हा इटालियन अभियंता पूर्वी फेरारीकडेच कामाला होता.

गिअर का तुटतो? इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, गिअरच्या दातांवरून पुढे जातो. खालच्या गिअरमध्ये तो वाढून चाकांकडे जातो, म्हणून पुढच्या शाफ्टवर जास्त ताण येतो. गिअर बदलताना बसणारे धक्के वेगळेच. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरत असेल, तर त्याच वेगाने फिरणाऱ्या गिअरच्या प्रत्येक दातावर सेकंदाला १०० वेळा भार येतो. २४ तासांत हा आकडा ८६ लाखांच्या वर जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तुटते, तशी दाताच्या मुळाशी बारीक चीर पडते आणि वाढत जाते. दात तुटेपर्यंत ड्रायव्हरला कदाचित काहीच कळत नाही.

१९६५ मध्ये फोर्डने दोन गाड्यांत चक्क ७ लिटरचं इंजिन बसवलं. त्याचा टॉर्क पेलायला नवा, दणकट, चारच गिअरचा बॉक्स बनवला. या गाड्यांनी सुरुवातीला सगळ्यांना मागे टाकलं. मग ब्रूस मॅकलॅरन आणि केन माइल्सची गाडी गिअरबॉक्सने थांबली, हिल आणि ख्रिस एमनची क्लचने. त्या वर्षी फोर्डच्या सहाही जीटी गाड्यांपैकी एकही शेवटपर्यंत पोहोचली नाही. जिंकली फेरारीच.

यानंतर फोर्डने जे केलं, ते मला इंजिनापेक्षा मोठं वाटतं. डिअरबॉर्नमधल्या प्रयोगशाळेत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडून डायनमोमीटरवर चढवले आणि त्यांच्याकडून ल माँची शर्यत धावून घेतली. कुठे ॲक्सिलरेटर दाबायचा, कुठे सोडायचा, कुठे गिअर बदलायचा, सगळं तिथल्या फेरीसारखं. जे तुटायचं ते फ्रान्सऐवजी इथेच तुटू दे, हा हिशेब होता.

तोवर दुखणं दुसरीकडे गेलं होतं. जड आणि वेगवान गाडी थांबवताना ब्रेकच्या डिस्क लालबुंद होऊन तडकत. फिल रेमिंग्टनने पिटमध्ये झटपट डिस्क बदलता येईल अशी सोय केली.

१९६६ मध्ये पहिले तिन्ही क्रमांक फोर्डचे आले. मॅकलॅरन आणि एमन जिंकले; त्यांच्या गाडीने ४,८०० किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. सिनेमातल्यासारखाच हा जल्लोष. पण थांबलेल्यांचा रकाना पुन्हा पाहिला. ७ लिटरच्या आठ गाड्या निघाल्या होत्या, पोहोचल्या फक्त तीन. थांबलेल्या पाचांत एक क्लचमुळे, एक डिफरन्शियलमुळे. म्हणजे एवढा अभ्यास करूनही ताकदीने कुठे ना कुठे कच्चा सांधा शोधलाच.

हल्ली एखादा मित्र रीमॅप करून ४० हॉर्सपॉवर वाढवल्याचं सांगतो, तेव्हा मी आधी अभिनंदन करतो. मग विचारतो, क्लच तोच आहे ना?