घाणेरीची कुळकथा

जळगावातल्या एखाद्या रोपवाटिकेत जाऊन 'लँटाना' मागितला, तर माळी लगेच तीन-चार काळ्या पिशव्या पुढे करतो. पिवळ्या फुलांचा, पांढऱ्या फुलांचा, दुरंगी फुलांचा. ऊन सोसतो, पाणी कमी लागते, गुरे तोंड लावत नाहीत, जवळजवळ बारा महिने फुलतो, असे त्याचे गुण तो सांगतो आणि ते सगळे खरे असतात. आता त्याच माळ्याला "घाणेरी आहे का?" असे विचारून पाहा. तो हसेल. घाणेरी काय कोणी विकत घेते? ती तर नाल्याकाठी, पडीक जमिनीत, सातपुड्याच्या पायथ्याशी फुकट उगवलेली असते.

वाचकहो, गंमत अशी की ही दोन्ही एकाच घरची लेकरे आहेत. कोणी तिला टणटणी म्हणतात, हिंदीत रायमुनिया म्हणतात, शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. एकाच झुडपाला बागेत एक नाव आणि रानात दुसरे असे का पडले, याचा शोध घेऊ लागलो तर दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास हाती लागतो. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. माझी बी.ए. इतिहासाची. म्हणून या झुडपाकडे मी इतिहासाच्याच चष्म्यातून पाहतो.

घाणेरीचे माहेर मध्य आणि दक्षिण अमेरिका. सतराव्या शतकात डच लोकांनी ती ब्राझीलमधून युरोपात नेली. तिकडच्या थंडीत ती उघड्यावर जगेना, म्हणून श्रीमंतांच्या काचघरांत तिला जागा मिळाली. १७५३ साली लिनियसने तिचे आजचे शास्त्रीय नाव ठरवले. पुढे युरोपातल्या बागवानांनी तिचे संकर करून नाना रंगांचे प्रकार तयार केले. असे साडेसहाशेच्या वर प्रकार झाल्याचे सांगतात. म्हणजे आपल्या रानात आज जी घाणेरी दिसते ती अमेरिकेतल्या जंगलातून थेट आलेली नाही. माणसाने काचघरात वाढवलेली, निवडलेली, चिवट केलेली अशी ती झाडे आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हिंदुस्थानात ती आली ती कलकत्त्याला. तिथे हुगळीच्या काठी शिबपूरला ईस्ट इंडिया कंपनीची मोठी वनस्पती-बाग होती. कर्नल रॉबर्ट किड याने १७८७ साली ती स्थापन केली. कंपनीला जहाजांसाठी सागवान हवे होते, मसाल्याची झाडे हवी होती, म्हणून ही बाग. १७९३ पासून विल्यम रॉक्सबर्ग तिचा प्रमुख होता आणि जगभरातून रोपे मागवून लावण्याचा मोठा उद्योग तिथे चालू होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घाणेरी या बागेत लागली. शोभेचे झुडूप म्हणून. तिच्यामागे दुसरा काही हेतू नव्हता.

मग ती साहेबांच्या बंगल्यांभोवती आली, छावण्यांत आली, कुंपणाला लागली. कुंपणाला तिच्यासारखे झुडूप नाही. खोडाला बारीक काटे, पान खरखरीत, वास उग्र. पण कुंपण गुरांना अडवते, पाखरांना नाही. एका मोठ्या झुडपाला वर्षाला बारा हजारांपर्यंत फळे धरतात असे सांगतात. ती पिकली की काळी-जांभळी होतात, बुलबुल-साळुंक्या ती खातात आणि बी दूरदूर टाकतात. बागेतून रानात जायला घाणेरीला कोणाची परवानगी लागली नाही.

पण केवळ पाखरांमुळे ती पसरली म्हणणे अर्धे सत्य होईल. दाट रानाच्या सावलीत घाणेरी फारशी वाढत नाही. तिला ऊन लागते. आणि त्याच शतकात आपण रानात ऊन पाडत होतो. १८६०च्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग आपल्या खानदेशातून भुसावळकडे गेला. पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटवर गाडी जाईपर्यंत ताटकळलेल्या माणसाला त्याची आठवण करून द्यायला नको. देशभर असे मार्ग झाले. रुळांखालचे स्लीपर लाकडाचे, कित्येक मार्गांवर इंजिनातही लाकूड जळे. रान विरळ झाले, पुढे चराई आणि वणव्यांनी आणखी विरळ झाले आणि जिथे जिथे मोकळी जागा झाली तिथे घाणेरी शिरली. वणव्यात वरचे झुडूप जळते, बुडखा पुन्हा फुटतो.

आता तिच्या नावाकडे येऊ. बागेतल्या माणसाने तिचे फूल पाहिले. फूल आहेच पाहण्यासारखे. एकाच गुच्छात कडेला गुलाबी वा नारिंगी आणि मध्ये पिवळी अशी फुले असतात. ती वेगवेगळी नव्हेत, उमलले की पिवळे आणि दिवस उलटले की रंग बदलतो. फ्रिट्झ म्युलर या ब्राझीलवासी जर्मन निसर्गअभ्यासकाने १८७७ साली 'नेचर' या नियतकालिकात याबद्दल लिहिले होते. फुले पहिल्या दिवशी पिवळी, दुसऱ्या दिवशी नारिंगी, तिसऱ्या दिवशी जांभळी होतात, आणि जाणती फुलपाखरे ताज्या पिवळ्या फुलांकडे जातात, हे त्याने टिपले.

रानातल्या माणसाने मात्र तिचे पान पाहिले. गुराख्याच्या हाताला तो वास लागला, धोतर-लुगडे काट्यात अडकले. चाऱ्याची टंचाई असली किंवा नवखे जनावर असले की ते हा पाला खाते. मग काविळीसारखा आजार होतो, यकृत बिघडते, उन्हात उभे राहिले की कातडी सुजून सोलून निघते. ज्याच्या घरी एकच गाय, त्याला हे फूल काय सुंदर दिसणार? शिवाय घाणेरीच्या खाली गवत नीट वाढत नाही, नवी रोपे धरत नाहीत. ज्याने आणली त्याने तिला लँटाना म्हटले आणि ज्याला सोसावी लागली त्याने घाणेरी म्हटले. दप्तरात नोंद असो-नसो, किंमत कोणी मोजली हे या एका शब्दात लिहिलेले आहे. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगला पुरावा कोणता हवा?

तिला आवरायचे प्रयत्नही जुने आहेत. हवाई बेटांवर १८५८ साली तीही शोभेसाठीच नेली होती. तिथे ती इतकी माजली की १९०२ साली तिला खाणारे किडे मेक्सिकोहून आणून सोडावे लागले. तणावर किडे सोडण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते. आपल्याकडेही १९४१ साली ऑस्ट्रेलियातून एक लहानसा ढेकूणवर्गीय किडा डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत आणला. तपासणीत आढळले की तो सागाच्या फुलोऱ्यालाही तोंड लावतो. लगेच ते किडे मारून टाकायचे ठरले, पण त्याआधीच काही निसटले होते. सागाचे फार बिघडले नाही आणि घाणेरीचेही फार बिघडले नाही! सागवानासाठी काढलेल्या बागेतून जी आली, तिचा वैरी सागाच्याच भीतीने मारला गेला, हा योग मोठा विचित्र.

हा उपाय नेहमी फसतो असे नाही. फड्या निवडुंगही अमेरिकेचाच. एके काळी त्याने महाराष्ट्रातल्या आणि दक्षिणेतल्या जमिनी अडवल्या होत्या. १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या पांढऱ्या, कापसासारख्या दिसणाऱ्या किड्याने त्याचा बराचसा फडशा पाडला. निवडुंग आटोक्यात आला, घाणेरी आली नाही. त्याचे एक कारण ते काचघरातले संकर असे जाणकार मानतात. प्रकार इतके, की एका किड्याला सगळेच रुचत नाहीत.

आज परिस्थिती काय आहे? २०२० साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशातल्या व्याघ्रक्षेत्रातील सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगलात, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक भागात घाणेरी आहे. महाराष्ट्राचे एकूण क्षेत्रफळच ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, त्याच्या निम्मे! हरणांचा चारा गेला की वाघाचेही गणित बिघडते.

उपाय करणारी माणसेही आहेत. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटच्या जंगलात एक साधी रीत बसवली. झुडपाचे मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडायचे, झुडूप उलटे करून ठेवायचे आणि मोकळ्या जागी गवत लावायचे. कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरातले सोलिग आदिवासी घाणेरीच्या काठ्यांपासून वेताऐवजी खुर्च्या आणि टोपल्या करतात. निलगिरीत गुडलूरच्या कारागिरांनी त्याच काठ्यांचे खऱ्या आकाराचे हत्ती केले. ते २०२१ मध्ये लंडनच्या उद्यानांत आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मांडले गेले. घाणेरी फिरून माहेरच्या खंडात पोचली म्हणायची.

कोणी म्हणेल, परदेशी झाडांवर एवढा राग कशाला? राग नाही. ज्या मिरचीवाचून खानदेशी माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, ती मिरचीही अमेरिकेचीच. शेंगदाणा आणि पपईही तिकडचीच. पण ही मंडळी शेताच्या बांधाआड राहिली, कोणाच्या रानात घुसली नाहीत. घाणेरीचाही तिच्याकडून काही दोष नाही. तिच्यावर फुलपाखरे येतात, तिच्या जाळीत पाखरे घरटी करतात. म्हणून ती उपटताना तिच्या जागी दुसरे काही लावलेच पाहिजे, नाहीतर ती पुन्हा येते.

आपल्या हाती एवढेच आहे की नव्या कॉलन्यांत अंगणाच्या कडेला काय लावायचे ते नीट ठरवावे. मेंदी, अडुळसा, निरगुडी, कोरांटी, तगर ही जुनी मंडळी उन्हाळा काढतात, फुलतात आणि कुंपणही करतात. आणि लँटानाच हवा असेल तर ज्याला फळ धरत नाही असे वाण मिळते का, ते माळ्याला विचारावे. रोप घेताना आपण फूल केवढे आणि रंग कोणता एवढेच पाहतो. त्याचे बी कुठे जाईल, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी शिबपूरला कोणी विचारला नाही. आज आपल्याला उत्तर ठाऊक आहे, तेव्हा न विचारण्याची सबब आपल्याकडे नाही.