कुमारवय आणि धूम्रपानविरोधी जाहिरात



मुलाला एखादी गोष्ट करूं नकोस असें बजावलें म्हणजे नेमकी तीच करून पाहण्याची त्याची हौस दुणावते, हा अनुभव घरोघरचा आहे. अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्राला मात्र तो पुष्कळ द्रव्य वेंचून घ्यावा लागला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचा आरंभ इ. स. १९६७ मध्यें झाला. बॅन्झॅफ नांवाच्या एका तरुण वकिलानें दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिरातींविरुद्ध तक्रार केली. आणि वादग्रस्त प्रश्नाची दुसरी बाजूहि लोकांपुढें आली पाहिजे, या न्यायानें सरकारी नियामक मंडळानें धूम्रपानविरोधी जाहिरातींना फुकट वेळ देवविला. सिगारेटच्या सुमारें तीन जाहिरातींमागें एक, असें हें प्रमाण पडलें. विल्यम टॉलमन हा लोकप्रिय नट फुप्फुसाच्या कर्करोगानें आजारी असतां अशाच एका जाहिरातींत बोलला. १९६८ च्या ऑगस्टांत तो वारला. या काळांत सिगारेटचा दरडोई खप उतरूं लागला. पुढें २ जानेवारी १९७१ पासून सिगारेटच्या जाहिरातींना आकाशवाणी व दूरचित्रवाणी बंद झाली. वरवर पाहतां हा मोठाच विजय. परंतु एक बाजू गेली तेव्हां दुसरीचा हक्कहि गेला, विरोधी जाहिराती विरळ झाल्या आणि उतरलेला खप पुन्हा चढला! कंपन्यांनीं ही बंदी फारशी खळखळ न करतां कां पत्करली, हें मग ध्यानांत येतें.

मुलांचा प्रश्न खऱ्या अर्थानें हातीं घेतला तो फ्लॉरिडा संस्थानानें. तंबाखूच्या कंपन्यांशीं १९९७ सालीं झालेल्या तडजोडींतून त्याला मोठी रक्कम मिळाली. अधिकाऱ्यांनीं शेंकडों मुलेंमुली एकत्र बोलावून त्यांनाच सल्ला विचारला. मला तर या साऱ्या प्रकरणांतील शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. मुलांचें म्हणणें साधें होतें: धूम्रपान घातक आहे हें आम्हांला ठाऊक आहे, आम्हांला फसवितें कोण, तें सांगा. त्यांतून १९९८ मध्यें 'सत्य' या नांवाची मोहीम निघाली. तिच्यांत उपदेश नव्हता, फुप्फुसांचीं भयंकर चित्रेंहि मुख्य नव्हतीं. होता तो कंपन्यांच्या कावेबाजपणावरचा रोख. वडीलधाऱ्यांविरुद्ध बंड म्हणून मूल सिगारेट ओढतें. येथें सिगारेट विकणाराच बंडाचा विषय झाला. दोन वर्षांत तेथील माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांत सिगारेट ओढणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १८·५ वरून ११·१ वर, आणि वरच्या वर्गांत २७·४ वरून २२·६ वर आलें.

२००० सालीं ही मोहीम राष्ट्रव्यापी झाली. तिच्या एका जाहिरातींत तरुणांनीं न्यूयॉर्क येथें फिलिप मॉरिस कंपनीच्या कचेरीपुढें प्रेतें ठेवण्याच्या बाराशें पिशव्या रचल्या. तंबाखूपायीं त्या देशांत रोज इतके बळी पडत होते. याच सुमारास खुद्द त्या कंपनीनेंहि मुलांसाठीं 'विचार कर, धूम्रपान करूं नकोस' अशी जाहिरात चालविली होती. मांजरानें उंदरांना सावधगिरी शिकवावी, तसाच हा प्रकार! २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसलें कीं, कंपनीची ती जाहिरात पाहिलेलीं मुलें सिगारेटकडे उलट अधिक झुकतीं होतीं.

'सत्य' मोहिमेवर एका कंपनीनें बदनामीचा आक्षेप घेऊन कज्जा चालविला. डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं निकाल मोहिमेच्या बाजूनें दिला. पण तोंवर मूळ झराच आटत चालला होता. १९९८ च्या राष्ट्रीय करारांत एक कलम असें होतें कीं, करारांत सामील कंपन्यांचा बाजारांतील वांटा शेंकडा ९९·०५ असेल तरच कांहीं वर्षांनंतर या शिक्षणनिधीस पैसे द्यावयाचे. वांटा तेवढा राहिला नाहीं, आणि २००३ नंतर तो मुख्य हप्ता थांबला.