एलव्हीएम गटातील निकामी डिस्कची पुनर्स्थापना
लिनक्समधील एलव्हीएम (१९९८, हाइन्झ माउएल्सहागेन) अनेक डिस्कचा एक गट करून त्यातून व्हॉल्यूम देते. गटाचा नकाशा, म्हणजे मेटाडेटा, सहसा प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला असतो. त्याची प्रत ‘ईटीसी/एलव्हीएम/बॅकअप’ या फोल्डरमध्ये साध्या मजकुरात पडते. संकटात खरा आधार तिचाच.

फक्त नकाशा पुसला असेल, तर प्रतीतला डिस्कचा जुना यूयूआयडी (ओळख क्रमांक) देऊन ‘पीव्हीक्रिएट’ चालवतात. सोबत ‘रिस्टोअरफाइल’ पर्याय दिल्याने मूळ डेटाला धक्का लागत नाही. मग ‘व्हीजीसीएफजीरिस्टोअर’ने गट पूर्ववत होतो. यूयूआयडीतले एक अक्षरही चुकता कामा नये. डिस्कच मेली असेल, तर मिरर किंवा रेड व्हॉल्यूम नव्या डिस्कवर दुरुस्त होतात. साध्या व्हॉल्यूमचा मेलेल्या डिस्कवरील भाग मात्र बॅकअपमधूनच आणावा लागतो. ‘व्हीजीरिड्यूस’ची सक्ती सर्वांत शेवटी करावी, कारण ती अपुरे व्हॉल्यूम काढून टाकते.