बावन्न वह्या, एकच आई

नववीत असताना, १९९४ साली, इंग्रजीच्या सरांनी आपल्याला 'माय मदर' हा निबंध लिहून आणायला सांगितला होता, आठवतं? वर्गात आपण बावन्न. सोमवारी बावन्न वह्या टेबलावर जमा झाल्या आणि त्या सगळ्यांत मिळून आई एकच निघाली. ती पहाटे पाचला उठत होती, देवपूजा करत होती, उंच, सडपातळ आणि गोरी होती, 'काइंड' आणि 'लव्हिंग' होती आणि रात्री आपल्याला रामायणातल्या गोष्टी सांगत होती. शेवटचं वाक्य तर सगळ्यांचं अगदी एक: आय लव्ह माय मदर व्हेरी मच. सरांनी दहाबारा वह्या चाळल्या, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही सगळे सख्खे भाऊबहीण आहात का रे?"

आपण हसलो. मीही हसले. पण आदल्या रात्री घरी जे झालं होतं ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. थंडीचे दिवस, मिरचीचा हंगाम. आई दिवसभर पथारीवर मिरचीचे देठ खुडून आली होती आणि हातांची आग होते म्हणून तेल चोळत बसली होती. मी गाइडमधून निबंध उतरवत होते. "काय लिखी राहिनी?" तिने विचारलं. तुझ्यावर निबंध लिहितेय म्हटल्यावर तिने तो वाचून दाखवायला लावला. मी एकेक वाक्य वाचत गेले आणि अहिराणीत सांगत गेले. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाई कोनी माय शे व?"

ही कोणाची आई आहे? चौदा वर्षांच्या मुलीला याचं उत्तर देता आलं नाही. आता मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा दुसरं काही सुचेना. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, प्रोग्रॅम लिहून पोट भरते. पण आमच्या कामात चूक सापडली की ती दुरुस्त करून भागत नाही. ती कधी आणि कुठून आत आली हेही शोधावं लागतं. त्या आईचा शोध मी तसाच घेतला.

आपल्या भागातल्या माणसांची इंग्रजी वर्णनं आपण लिहायला लागण्याच्या कितीतरी आधी लिहिली गेली होती. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८८० मध्ये जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड निघाला, तो पूर्ण खानदेशावर आहे. तेव्हा आपलं नंदुरबार, तळोदा, शहादा सगळं त्या एका जिल्ह्यात. पुढे १९०६ मध्ये पश्चिम खानदेश वेगळा झाला, त्याचा धुळे जिल्हा झाला आणि आपण दहावी होऊन दोन वर्षं उलटल्यावर, १ जुलै १९९८ ला, नंदुरबार जिल्हा झाला. म्हणजे आपल्या दाखल्यांवर जिल्हा धुळे आहे आणि आपल्या भाचेपुतण्यांच्या दाखल्यांवर नंदुरबार!

तो खंड मी पुष्कळ वाचला आहे. पिकं, बाजारपेठा, नद्या, घाट यांची माहिती म्हणून आजही त्याला तोड नाही. पण लोकांचं प्रकरण जातीजमातींप्रमाणे लावलेलं आहे: रंग, बांधा, पोशाख, खाणंपिणं, सणवार, स्वभाव. भिल्ल असे असतात, गुजर तसे असतात. हजारो माणसांचा स्वभाव एकदोन वाक्यांत आटोपतो. त्या पानांत जमाती भेटतात, माणूस क्वचित भेटतो. पलटणीत भरती होणाऱ्या शिपायाचा किंवा तुरुंगातल्या कैद्याचा 'डिस्क्रिप्टिव्ह रोल' भरत, त्यात उंची, वर्ण, शरीरावरची खूण असे रकाने असत. आपल्या गाइडातली आई या रकान्यांच्याच क्रमाने चालते हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आधी उंची, मग बांधा, मग वर्ण, मग स्वभाव. (वर्णासाठी आपण 'व्हीटिश' लिहायचो. गव्हाळवरून आलेला हा शब्द भारतीय इंग्रजीतच रुळला. लग्नाच्या जाहिरातीतही तोच आणि 'हरवला आहे'च्या सूचनेतही तोच.)

रकाने हा एक धागा. दुसरा धागा शाळेचा, आणि गंमत म्हणजे तो सुरुवातीला चांगला जिवंत होता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. त्या काळापासून पुढे कितीतरी वर्षं इंग्रजी शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांपुढे नमुना म्हणून ॲडिसन आणि स्टील यांचे निबंध ठेवले जात. १७११-१२ मध्ये लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात त्यांनी सर रॉजर डी कव्हर्ली नावाचा एक म्हातारा जमीनदार रंगवला होता. हा गृहस्थ चर्चमध्ये प्रवचन चालू असताना कोणालाही झोपू देत नाही. स्वतःला मात्र डुलकी लागते, आणि जाग आली की उभा राहून आणखी कोण झोपलंय ते बघतो. तो 'काइंड' आहे की नाही हे सांगायची गरजच उरत नाही.

मग वाटेत झालं काय? परीक्षा झाली. हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या तर परीक्षकाला ठरलेली वाक्यं बरी पडतात, आणि परक्या भाषेत लिहिणाऱ्या मुलाला तर ती जीवनदान वाटतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबांच्या पिढीने इंग्रजी गिरवलं: मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं. शाळेच्या कपाटात रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड व्याकरण होतं. त्यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले, आणि वाळवंटातल्या परदेशी पलटणीवर 'बो जेस्ट' ही १९२४ ची गाजलेली कादंबरी लिहिणारेही तेच. माणसं रंगवता येणारा माणूस! पण आपल्यापर्यंत पोचलं ते त्याचं व्याकरण.

गाइडला मी शिव्या घालणार नाही. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवत. आपल्या वेळी ते पाचवीपासून होतं आणि पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. आपल्या वर्गात कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी भिलोरी, पावरी, मावची, गुजरी. शाळेत आल्यावर मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. चौथ्या भाषेत, पाच वर्षांच्या पुंजीवर, बारा ओळींत आई उभी करायची तर पोराने धरावं काय? गाइडची दोरी होती म्हणून आपण विहिरीच्या बाहेर आलो.

खरी हळहळ वेगळी आहे. मराठीच्या तासाला आपण माणसं वाचत होतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. आपल्याच सुरत-भुसावळ लाइनीवरचं अमळनेर! १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. त्या पुस्तकातली आई पोहायला न जाणाऱ्या मुलाला फोकाने मारते. माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' होती, पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' होतं. हे सगळं तासभर वाचायचं, हसायचं, डोळे पुसायचे, घंटा झाली की इंग्रजीची वही उघडायची आणि लिहायचं: शी इज टॉल अँड स्लिम. ती माणसं इंग्रजीत यायला कोणी बंदी केली नव्हती, पण येऊ शकतात हे आपल्याला माहीत नव्हतं.

शिरीषकुमारचंही आपण तेच केलं. दर ९ सप्टेंबरला त्याच्यावरची दहा वाक्यं पाठ. 'ग्रेट', 'ब्रेव्ह', 'पेट्रियट', म्हणजे गांधी-नेहरूंच्या निबंधातलीच विशेषणं. १९४२ मध्ये गोळी लागली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, आपल्याएवढा, हे त्या विशेषणांखाली पार झाकून गेलं होतं. "तुमच्या बाकावर बसला असता तो," असं सर एकदा म्हणाले तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती मला अजून आठवते.

तर त्या सोमवारी सरांनी वह्या परत दिल्या आणि तीन गोष्टींना बंदी घातली. रंग लिहायचा नाही, 'काइंड' लिहायचं नाही, आणि शेवटचं प्रेमाचं वाक्य लिहायचं नाही. "तिचे हात दिवसभरात काय करतात तेवढं लिहा. सात ओळी." आपली पंचाईत झाली. विशेषणं पाठ होती, क्रियापदं कुठे होती? खुडणे, पाखडणे, सारवणे, वेचणे, निंदणे... शाळेतली एकुलती एक डिक्शनरी त्या आठवड्यात हातोहात फिरली. 'पथारी' तिच्यातही नव्हती. सर म्हणाले, "नाही ना? मग पथारीच लिही, आणि पुढे एका वाक्यात ती काय असते ते सांग. त्यांनी चटणी घेतली, पथारीही घेतील."

मी लिहिलं की पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोठं मैदान, तिथे ओली लाल मिरची वाळत घालतात, वरून ते लाल दिसतं. आई तिथे बसून देठ काढते. अवकाळी पाऊस आला तर सगळे जण ताडपत्र्या घेऊन धावतात. आणि लिहिलं की हिवाळ्यात माझी आई आमच्या तोंडाला हात लावत नाही. हे वाक्य लिहिताना मी 'डज नॉट' ऐवजी 'डू नॉट' लिहिलं होतं. सरांनी लाल शाईने तेवढं सुधारलं. मार्क दिले नाहीत. वही मात्र दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतली.

अक्कलकुव्याकडून येऊन वसतिगृहात राहणारा आपला एक मित्र, तू हे वाचत असशील, त्याने आईऐवजी आजोबांवर लिहिलं होतं. नर्मदाकाठचं गाव. धरणाचं पाणी पहिल्यांदा मणिबेलीकडे चढत होतं ती वर्षं. पावसाळ्यात आजोबा रोज संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून यायचे आणि सकाळी ती कुठे आहे ते बघायला जायचे. पाच ओळी होत्या, व्याकरणाच्या सहा चुका. सरांनी त्या मोठ्याने वाचल्या आणि पुढचा धडा त्या दिवशी झालाच नाही.

दहावीच्या वर्षी मात्र सरांनी स्वच्छ सांगितलं: "बोर्डात गाइडचं लिहा. तिथे तपासणारा मी नाही." तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही. मार्च १९९६ मध्ये मी परीक्षेत गाइडचीच वाक्यं लिहिली, चांगले मार्क पडले, त्या मार्कांवर पुढे इंजिनिअरिंगला गेले. दोन्ही इंग्रजी मला सरांनीच दिल्या, आणि पोटापाण्याला आधी पहिलीच उपयोगी पडली.

दुसरीची पाळी यायला वीसेक वर्षं लागली. सॉफ्टवेअरमध्ये 'पर्सोना' नावाचा प्रकार असतो. प्रोग्रॅम वापरणारा माणूस कसा असेल याचं अर्ध्या पानाचं इंग्रजी वर्णन करायचं आणि ते समोर ठेवून काम करायचं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ॲलन कूपर यांनी ही पद्धत रूढ केली. म्हणजे बघा, चाळिशीला टेकल्यावर परत व्यक्तिवर्णन! ग्रामीण भागातल्या बायकांसाठी एक ॲप करायचं होतं. टीमने पर्सोना लिहून आणला: वय ३८, गृहिणी, खेड्यात राहते, कमी शिकलेली, साधी, प्रेमळ, स्मार्टफोनला घाबरते. सुंदर छापलेलं होतं, फोटोही लावला होता. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावत होते आणि मला तेलाचे हात दिसत होते. ही कोणाची आई आहे, असं मी विचारलं. अर्थात इंग्रजीत, आणि जरा सभ्य शब्दांत. थोडा वादही झाला. मग मी सुट्टी घेऊन गावी आले आणि दोन दिवस पथारीवर बसले. तिथल्या बायका फोनला अजिबात घाबरत नव्हत्या. पण मिरचीचे हात स्क्रीनला लावायचे नाहीत म्हणून बोट दुमडून पेराच्या मागच्या बाजूने फोन उचलत होत्या. त्या जाड पेराखाली आमची बारीक बटणं दोन-दोन एकदम दाबली जात. परत जाऊन मी पर्सोना नव्याने लिहिला, त्यात रंग आणि स्वभाव नव्हता. बटणं मोठी झाली.

माझी ती नववीची वही घर बदलताना गेली. तुमच्यापैकी कोणाकडे त्या सात ओळी शिल्लक असतील तर मेळाव्याला घेऊन या. सर येणार आहेत असं कळलं आहे.

हा लेख पाठवण्याआधी मी फोनवरून आईला वाचून दाखवला. या वेळी तिने दोनदा मध्येच थांबवलं. ताडपत्र्या पथारीवाल्याची माणसं ओढायची, बायका मिरची गोळा करायच्या, हे मी नववीत चुकीचं लिहिलं होतं म्हणे. आणि देठ खुडायचे पैसे रोजावर मिळायचे नाहीत, किलोवर मिळायचे. तेवढं लिही, म्हणाली.