विद्यायाचनेची कुळकथा

नाशिक जिल्ह्यातील मालेगावात, १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमिन विणकरांनी हातमागांबरोबरच जी विद्यापरंपरा रुजविली, तिच्यात धड्यास बसण्यापूर्वी अल्लाहजवळ हितकारक ज्ञान मागण्याचा रिवाज आहे. ही दुआ मूळची मात्र धड्याची नव्हे. पैगंबरपत्नी उम्मे सलमा यांच्या कथनानुसार, पहाटेच्या फजर नमाजेचा सलाम फेरल्यावर खुद्द पैगंबर ती म्हणत. नवव्या शतकात कझवीनच्या इब्न माजा यांनी आपल्या हदीससंग्रहात तिची नोंद केली. हा अर्ज तीन कलमांचा आहे: उपकारक ज्ञान, निर्मळ उपजीविका आणि मान्य होईल असे आचरण.

केवळ विद्याच मागावयाची, तर कुराणाच्या विसाव्या सूऱ्यात ज्ञानवृद्धीची याचना तयारच होती. त्याच सूऱ्यात मूसाने जिभेची गाठ सुटावी म्हणून केलेली प्रार्थनाही आहे, आणि विद्यार्थी या दोन्ही म्हणतात. परंतु ज्या ज्ञानाचा उपयोग नाही त्यापासून पैगंबरांनी आश्रय मागितल्याचे ‘सहीह मुस्लिम’मध्ये नमूद असल्यामुळे, विद्या कोणती हा प्रश्न आलिमांना, म्हणजे धर्मपंडितांना, कधी टाळता आला नाही. ११११ साली निवर्तलेल्या आलिम गझालींनी तर आपल्या ‘इह्या’ या महाग्रंथाचा आरंभच ज्ञानप्रकरणाने करून, स्तुत्य व निंद्य विद्यांचा निवाडा त्यात केला.

मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की विद्यारंभाचा, म्हणजे बिस्मिल्लाहचा, समारंभ होतो. त्या वेळी म्हणावयाची दुआ निराळी. तीत कार्य सुलभ व्हावे आणि शेवटास जावे, एवढेच मागणे असते. (त्या वयास दुआपेक्षा मिठाईच अधिक समजते, हे वडीलधारेही जाणतात.)

पहाटेची दुआ पाठाच्या आरंभी कशी आली, याविषयी माझा तर्क साधा आहे: मशिदीतला मक्तब, म्हणजे मुलांची धार्मिक पाठशाळा, अनेक ठिकाणी फजरनंतर, शाळेच्या वेळेआधी भरतो, आणि नमाजेची समाप्ती व पाठाचा आरंभ यांत फारशी उसंत नसल्यामुळे, एकीच्या शेवटी म्हटलेले शब्द दुसऱ्याच्या प्रारंभी आपसूक येऊन बसले असावेत. मात्र दुआच्या नमाजेकडून धड्याकडे झालेल्या या स्थलांतरात मजकुराची काटछाट झाली नाही, ही गोष्ट मला विशेष वाटते. धड्यापुरते पहिलेच कलम पुरेसे असूनही, ज्याच्या घरचे पोट मागावर चालते असा विणकराचा मुलगा विद्येपाठोपाठ उपजीविकाही त्याच दमात मागतो.