डब्यातला रंग आणि रंगाऱ्याचा श्वास

मित्रहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांसमोर येतात. मी आज पत्र्याच्या एका पेटीवरील रंगाचा इतिहास सांगणार आहे.

आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. त्याचे कॅबिनेट मूळचे फिकट बदामी. पण खिडकीतल्या उन्हाने पुढचे प्लास्टिक पिवळे पडले होते. एका तरुण कार्यकर्त्याने ते घरी नेऊन लाल रंगविण्याचे ठरविले. मदतीला आमचे एक निवृत्त सभासद आले. तीस वर्षे त्यांनी पेंट शॉपमध्ये स्प्रे गन चालविली. सगळे त्यांना मामा म्हणतात.

पोराने फवाऱ्याचा डबा खडखडवून विचारले, "मामा, मारू का?"

"थांब. आधी खिडक्या उघड. नाकाला मास्क लाव."

मग मामांनी त्याला काम शिकविले. आतले सर्व भाग काढून घेणे, साबणाने तेलकटपणा घालविणे, पॉलिश पेपरने घासणे, पुसून वाळविणे, मग प्राइमर, आणि त्यावर रंगाचे पातळ हात. पोराने घाई केली, जाड हात मारला, आणि रंगाला ओघळ आले. पुन्हा घासावे लागले. मामा हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. तो खोकला आमच्या ओळखीचा आहे.

हा डबा आला कोठून? 1949 साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, सिकॅमोर गावी, एडवर्ड सीमोर या रंगविक्रेत्याने अॅल्युमिनियमचा रंग दाबाखालच्या डब्यात भरला. ही कल्पना त्याच्या पत्नीने, बॉनीने, सुचविली होती. त्यामुळे रंगकाम घरोघरी पोहोचले.

पण फवाऱ्याची गोष्ट त्याहून जुनी आहे. जुन्या पद्धतीने मोटारीवर तेलाचे व व्हार्निशचे थर चढविले, की ते वाळायला कित्येक आठवडे जात. 1923 साली ड्यूपाँ कंपनीने 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला. तो झटपट वाळे आणि गनने मारता येई. 1924 साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या त्या रंगात बाहेर पडल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले. मालकाचे दिवस वाचले. परंतु ब्रशला चिकटून राहणारा रंग आता हवेत उडू लागला, आणि त्या हवेत रंगारी उभा होता. शोधाच्या इतिहासात कंपनीचे नाव येते, गाडीचे येते. गन धरणाऱ्याचे येत नाही.

तरीही कामगारांनी हा इतिहास दुसऱ्या वहीत लिहून ठेवला आहे. 1921 साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने पांढऱ्या शिशाच्या रंगाविषयी करार केला. इमारतींच्या आतील कामात त्याचा वापर, काही अपवाद सोडून, बंद करावा असे त्यात ठरले. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 14 ने धूळ व धूर उगमापाशीच ओढून घेण्याची व्यवस्था सांगितली. त्याच कायद्यातील कळविण्याजोग्या रोगांच्या यादीत पहिले नाव शिशाच्या विषबाधेचे होते. 2016 च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग एवढी ठरविली. परंतु नियमाच्या नावातच 'घरगुती' हा शब्द आहे, हे विसरू नका. कारखान्यातील रंगाऱ्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

1998 साली अॅपलचा निळसर, अर्धपारदर्शक आयमॅक आला. तेथे प्लास्टिकच रंगीत होते. म्हणून कोणी म्हणेल, आता रंगाऱ्याची गरज संपली. तसे नाही. पत्र्याच्या पेट्या, कपाटे, पंखे, बसगाड्या अजून रंगवाव्या लागतात, आणि पुष्कळदा ते काम कंत्राटी पोरगा नाकाला रुमाल बांधून करतो.

दोन दिवसांनी कॅबिनेट वाळले. लाल रंग छान बसला आहे. कचेरीत येऊन अवश्य पाहा. मामांनी मात्र रिकामा डबा उचलून त्यावरची बारीक अक्षरे पोराला मोठ्याने वाचायला लावली : मोकळ्या हवेत वापरा, वाफ हुंगू नका. मग ते म्हणाले, "आमच्या गनवर हे कोणी लिहिले नव्हते रे."

मित्रहो, घरी हौसेने रंग मारणाऱ्याला उघडी खिडकी मिळते. पोटासाठी रंग मारणाऱ्यालाही ती मिळाली पाहिजे. एवढीच माझी मागणी आहे, आणि ती जुनी आहे.